पौर्णिमा, ओहोटी आणि आईची पर्स

समुद्रावर एक दिवस घालवायला नियोजन लागत नाही, असं माझी बायको मीनल म्हणते. टॉवेल घ्यायचा, पाणी घ्यायचं आणि निघायचं. ती पुण्याची आहे, कोकण तिला परसदारासारखं. मी नागपूरचा. आमच्याकडून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र गाठायला एक अख्खी रात्र गाडीत जाते. त्यामुळे समुद्र ही माझ्या मते तयारी करून भेटायची गोष्ट आहे. मी तक्ता केला. एक्केचाळीस ओळी झाल्या. आमची मुलगी ईरा पंधरा वर्षांची आहे. तिने तो वरून खाली पाहिला आणि म्हणाली, "बाबा, इट्स अ बीच. नॉट अ रॉकेट लाँच."

हे सगळं आईसाठी होतं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. पाच महिन्यांसाठी नागपूरहून आमच्याकडे, टेक्ससमधल्या अर्विंगला आली होती. दिवाळी झाल्यावर एका दुपारी तिने मेथी निवडता निवडता सांगितलं, "अवी, मी तीन समुद्र पाह्यले. अलिबाग, पुरी, रामेश्वरम. तिन्ही ठिकाणी सगळे पाण्यात गेले आणि मी वाळूत बसून पर्सा सांभाळल्या."

हे खरं आहे. अलिबागला मी सहा वर्षांचा होतो. ओहोटीत चालत किल्ल्यावर गेलो, आणि परतताना भरती इतकी चढली की बाबांनी मला खांद्यावर घेऊन आणलं. आई तेव्हा किनाऱ्यावर सात जणांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. पुरीला लाटा फार म्हणून, आणि रामेश्वरमला गुडघे फार दुखायचे म्हणून. रामेश्वरमला तिच्या थोरल्या बहिणीने, शांतामावशीने, अकरा डुबक्या मारल्या. त्यानंतर गेली नऊ वर्षं दर दिवाळीला मावशी त्या अकरा डुबक्यांची गोष्ट सांगते, आणि शेवटी म्हणते, "सुमन होती ना पर्सांपाशी, म्हणून निवांत झालं आमचं."

दोन वर्षांपूर्वी आईचे दोन्ही गुडघे बदलले. पाण्यात जायला डॉक्टरांची हरकत नव्हती. "एक डुबकी," आई म्हणाली. "एकच. पण पौर्णिमेला. समुद्राचं स्नान पर्वणीलाच करतात, असंच कधीही नाही."

इथे आमचा पहिला वाद झाला. पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं, भरती सगळ्यांत मोठी. मी म्हटलं, अष्टमीला जाऊ, पाणी शांत असतं. आई म्हणाली, "अष्टमीला काय बाप्पा, मी मावशीला काय सांगू? समुद्र शांत होता आणि तिथी कोणतीच नव्हती?"

तेव्हा पौर्णिमा ठरली, पौष महिन्यातली. ईराची हिवाळ्याची सुट्टी त्यातच येत होती. आता जागा. बहामा आणि जमैका मी पहिल्याच दिवशी यादीतून काढले. आमच्या पासपोर्टवरचे व्हिसाचे शिक्के संपलेले, ग्रीन कार्ड रांगेत. देशाबाहेर गेलो तर परत येताना काय होईल ते आमच्या वकिलालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण पोर्टो रिको अमेरिकेतच मोडतं. विमानाने पाच तास जाऊन समुद्र कॅरिबियन आणि देश तोच, ही सोय मला फार आवडली.

त्या बेटाचा उत्तर किनारा अटलांटिकचा. हिवाळ्यात तिथे लाटांवर फळ्या घेऊन स्वार होणारी मंडळी येतात, म्हणजे आमच्या कामाचा नाही. दक्षिणेचा किनारा कॅरिबियन समुद्राचा आणि खडकांच्या कुशीतला. तिथे नैऋत्येच्या कोपऱ्यात एक किनारा मी निवडला. माझ्या अटी अशा: लाट घोट्याच्या वर नको, तळ वाळूचा हवा, उतार मंद हवा, सावली हवी, आणि स्वच्छतागृह आईच्या साठ पावलांच्या आत हवं. पावलं मी नकाशावर मोजली. मीनलने त्या दिवशी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने ती सहसा गळणाऱ्या नळाकडे पाहते.

उरली वेळ. दिनदर्शिकेत पौर्णिमेची समाप्ती शनिवारी रात्री अकरा वाजून चार मिनिटांनी होती, भारताच्या घड्याळाप्रमाणे. हिवाळ्यात साडेअकरा तास वजा केले की सकाळचे अकरा चौतीस. त्यानंतर प्रतिपदा. भरती-ओहोटीच्या वेळा मिळवल्या, त्या दिवशीची ओहोटी नऊ सत्तेचाळीसला. तक्त्यात ओळ तेवीस अशी झाली: आई पाण्यात, नऊ तीस ते दहा दहा. ओहोटीही सापडली, पौर्णिमाही सापडली, वर चौऱ्याऐंशी मिनिटांचं अंतर राखीव. मी समाधानाने लॅपटॉप मिटला.

आईने कोणतं वस्त्र नेसायचं यावरही दोन दिवस गेले. तिला सुती लुगडंच हवं होतं. मी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी कोरडं आणि मग ओलं करून तोललं. ओलं साडेतीन पट भरलं. हा आकडा ऐकून आई सलवार-कुडत्याला तयार झाली. पण म्हणाली, "माझ्या साडीचं वजन करणारा तू पहिलाच."

शुक्रवार

सान हुआनला उतरलो तेव्हा विमानतळावर नाताळची सजावट तशीच होती. इथे सण नाताळला संपत नाही, जानेवारीत, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा दिवस येईपर्यंत चालतो. उतरल्या उतरल्या मी मनगटी घड्याळ दोन तास पुढे केलं. हे वाक्य वाचकाने लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

आम्ही उतरलो त्या घरासमोरच्या पट्टीवर शेजारची दोन मुलं वाकून गवत खुडत होती आणि बुटांच्या खोक्यात भरत होती. आई थबकली. "दूर्वा खुडून राहिले?" ईरा शाळेत दोन वर्षं स्पॅनिश शिकली आहे. तिने विचारून सांगितलं, की तीन राजे रात्री उंटांवरून येतात, उंटांना भूक लागलेली असते, म्हणून पलंगाखाली गवत ठेवायचं. सकाळी गवताच्या जागी भेटवस्तू असते.

"चांगलं आहे," आई म्हणाली. "आपण उंदराला कुठे काय ठेवतो? सगळे मोदक वरच्यालाच."

शनिवार, सकाळी

सहा वाजता निघायचं होतं, सहा अकराला निघालो. अकरा मिनिटं मीनलच्या खात्यावर आहेत, पण ते मी तेव्हा बोललो नाही.

या बेटावर आकड्यांवर प्रेम असणाऱ्या माणसाने गाडी चालवू नये. रस्त्याकडेचे दगड किलोमीटर सांगतात, वेगमर्यादेच्या पाट्या मैल सांगतात, आणि पेट्रोल लिटरने मिळतं. चौदा वर्षं मैल-गॅलन शिकून झाल्यावर मला एकाच वेळी घरी आल्यासारखंही वाटलं आणि चकवा लागल्यासारखंही. डोंगर चढून दक्षिणेला उतरलो तशी हिरवाई विरळ झाली, टेकड्या पिवळ्या पडल्या, आणि आई खिडकीला नाक लावून म्हणाली, "हे तर आपलं काटोल रोडसारखं आहे."

आणि मग, "अवी! थांब! तूर!"

मी थांबलो, कारण आईने माझा खांदा धरला होता. रस्त्याकडेला एक म्हातारे गृहस्थ छोट्या टेबलावर हिरव्या शेंगा घेऊन बसले होते. खरोखर तूर होती. इथे तिला गांदुलेस म्हणतात, आणि हिवाळ्यात भातात घालतात. आईने एक शेंग उचलली, अंगठ्याने फोडली, दाणे तोंडात टाकले, डोळे मिटले.

"सोले," ती म्हणाली. "ओले सोले! अर्विंगला पाच महिने मी डब्यातले खाऊन राहिले, आणि हे इथे समुद्रात लपवून ठेवले!"

ते गृहस्थ हसत होते. आईने त्यांना सोलेभाताची संपूर्ण कृती मराठीत सांगितली. त्यांनी त्यांची स्पॅनिशमध्ये सांगितली. दोघांनी मान डोलावली. ईरा मध्ये उभी राहून भाषांतर करायला निघाली होती, पण तिला कोणी विचारेना. सव्वीस मिनिटं गेली. मी चौऱ्याऐंशीतून सव्वीस वजा केले आणि दोन किलो शेंगा गाडीत ठेवल्या.

तरीही आम्ही वेळेत होतो. किनाऱ्याच्या फाटकापाशी मात्र एक माणूस हात आडवा करून उभा होता. आत जागा भरली. सुट्टीतला शनिवार, निम्मं बेट तिथेच आलं होतं. एक गाडी बाहेर येईल तेव्हा एक आत. आमच्यापुढे तीस गाड्या. मी मोजल्या. नंतर किती मिनिटांनी एक गाडी सरकते तेही मोजलं, आणि मग मोजणं थांबवलं, कारण उत्तर दिसायला लागलं होतं.

साडेदहा झाले. अकरा झाले. आई मागच्या सीटवर मांडीवर पर्स घेऊन बसली होती. ती काळी, दोन कप्प्यांची, चेन किंचित अडकणारी पर्स अलिबागची नाही, पण रामेश्वरमची नक्की आहे.

"किती आहेत रे पुढे?"

"नऊ."

"होतं मग," ती म्हणाली.

अकरा चौतीस झाले तेव्हा आमच्यापुढे चार गाड्या होत्या. मी घड्याळाकडे पाहिलं. मीनलने मला घड्याळाकडे पाहताना पाहिलं. तिला ओळ तेवीस ठाऊक होती, कारण मी तिला ती तीनदा वाचून दाखवली होती.

शनिवार, पाण्यापाशी

समुद्र मी मागवला होता तसाच होता. खरं सांगायचं तर त्याहून बरा. काचेसारखं पाणी, काठाशी पांढरं, पुढे फिकट हिरवं. लाट म्हणावी असं काही नाहीच. पाणी काठाला येऊन हळूच टेकत होतं, बशीत चहा हलावा तसं. काठावर देशी बदामाची झाडं, आमच्या नागपूरच्या शाळेत होती तीच, आणि त्यांच्या सावलीत एक लाकडी खोपटं. तिथे एक बाई कच्ची केळी तळत होत्या. त्यांना सगळे दोन्या लूस म्हणत होते. दोन्या म्हणजे आपल्याकडच्या बाईसाहेब किंवा काकू यांच्या मधलं काहीतरी. वय आईएवढंच असेल.

आई वाळूत उभी राहिली. सँडल काढले. मग माझ्याकडे वळली.

"अवी, आहे ना रे अजून पौर्णिमा?"

अकरा पन्नास झाले होते. मी कधी मुलीचं वय कमी सांगून तिकीट काढलेलं नाही. दुकानदाराने जास्त सुटे दिले तर अर्ध्या वाटेवरून परत गेलो आहे. ईरा मला 'बाबा द रिसीट' म्हणते.

"आहे," मी म्हणालो. "भरपूर आहे."

मीनल वाळूकडे पाहू लागली. आईने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि पर्स माझ्या हातात दिली.

आता निदान पाणी तरी सुरक्षित असावं म्हणून मी ईराला दोन्या लूसना विचारायला लावलं: ओहोटी नऊ सत्तेचाळीसला होऊन गेली, आता पौर्णिमेची भरती चढत असणार, वयस्कर माणसाला धोका नाही ना? ईराने विचारलं. दोन्या लूस झारा हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दुसरा हात वर केला, अंगठा आणि करंगळी ताणली.

"शी सेज, दॅट्स द टाइड," ईरा म्हणाली.

"म्हणजे?"

"एवढीच. दॅट मच. शी सेज पौर्णिमेला पण."

एक वीत. मी दीड महिना ज्या भरतीशी झगडलो, जिच्यामुळे आईशी अष्टमीचा वाद घातला, सगळ्यांना पाचला उठवलं, ती सगळी मिळून एक वीत. भरती-ओहोटीच्या तक्त्यातून मी वेळा उतरवून घेतल्या होत्या. शेजारी उंचीचा रकानाही होता. तो मी पाहिलाच नव्हता, कारण माझ्या डोक्यात उंची अलिबागची होती, बाबांच्या खांद्यावरून पाहिलेली.

दोन्या लूस अजून काही म्हणाल्या आणि दोन गिऱ्हाइकं हसली. ईरा ते सांगेना. "इट्स नॉट मीन, बाबा," एवढंच म्हणाली.

तोवर आई पाण्यात शिरली होती. एका बाजूला मीनल, दुसऱ्या बाजूला ईरा धावत गेली. घोटे, पोटऱ्या, मग नवे गुडघे बुडाले तिथे ती थांबली आणि खाली बघत राहिली. पाय दिसत होते. लहान चंदेरी मासे तिच्या पायांभोवती फिरत होते. साठ-सत्तर पावलं गेल्यावर पाणी कमरेला आलं. मी काठावर चार पिशव्या, तुरीच्या शेंगा आणि खांद्याला पर्स असा उभा होतो.

आईने नाक धरलं आणि खाली गेली. वर आली तेव्हा केस कपाळाला चिकटलेले आणि तोंडावर असं हसू, की मी ते आधी कुठे पाहिलं होतं ते आठवेना. "हर हर गंगे!" ती ओरडली. शेजारच्या कुटुंबाने टाळ्या वाजवल्या.

एकच डुबकी ठरली होती. ती पुन्हा गेली. "ही तुझ्या बाबांच्या नावाने." मग मीनलच्या आईच्या नावाने, मग ईराच्या परीक्षेच्या नावाने.

"आई, शांतामावशींच्या नावाने घ्या एक," मीनल म्हणाली.

"तिच्या अकरा झाल्या आहेत," आई म्हणाली. "तिला कशाला?"

बारावी डुबकी झाल्यावरच ती थांबली. मी मोजत होतो, पण यावेळी तीही मोजत होती. मग तिने मला हाक मारली. "अवी, ये ना! ही शेवटची तुझ्या नावाने घेतली, आता तू हवा इथे."

"पिशव्या आहेत!"

दोन्या लूसना मराठी येत नाही. पण त्यांनी खोपट्यातून बाहेर येऊन माझ्या चारही पिशव्या उचलल्या, आपल्या बाकाखाली ठेवल्या आणि मला पाण्याकडे ढकललं. पर्स तेवढी खांद्यालाच राहिली. तिच्यात आईचा पासपोर्ट होता, आणि पासपोर्ट असलेली वस्तू मी नजरेआड करत नाही. मी पँट दुमडून, पर्स काखेत घट्ट धरून, बगळ्यासारखा एकेक पाऊल टाकत गेलो. ईराने फोटो काढला.

आई पाण्यात चाळीस मिनिटं असणार होती. दोन तास वीस मिनिटं होती. नंतर ओल्या केसांनी ती दोन्या लूसच्या बाकावर बसली, मध्ये तुरीच्या शेंगा ओतल्या, आणि दोघी सोलायला लागल्या. दोघींचा अंगठा शेंगेच्या त्याच शिवणीवर पडत होता. तळलेली केळी चपटी करून पुन्हा तळतात इथे, मीठ-लसूण लावून. आईने सहा खाल्ली. भातात डुकराचं मांस असतं म्हणून तो राहिला. पण दोन्या लूसनी सोललेल्यातले मूठभर सोले बाजूला काढून, नुसते मिठात परतून तिच्यापुढे ठेवले. दोघींमध्ये एकही सामाईक शब्द नव्हता, आणि मला मध्ये बोलायला जागा मिळाली नाही.

शनिवार, संध्याकाळी

आम्ही मुक्कामाला त्याच किनाऱ्याजवळच्या गावात होतो. साडेसात वाजता, म्हणजे नागपूरला पहाटेचे पाच, आईने फोन हातात घेतला. शांतामावशी पाचला उठते. आई तिला सांगणार होती: पौर्णिमेला स्नान झालं. मावशी ते नागपुरात अकरा घरी सांगणार. एका खोट्याचे बारा होणार.

"आई, थांब," मी म्हणालो. "फोन लावू नकोस. पौर्णिमा अकरा चौतीसलाच संपली होती. तू पाण्यात गेलीस तेव्हा प्रतिपदा लागून सोळा मिनिटं झाली होती. मी खोटं बोललो."

मीनल म्हणाली, "अरे, राहू दे ना!" पण निघून गेलं होतं तोंडून.

आई शांत होती. "मला माहीत आहे."

"कसं?"

"खोटं बोलताना तू कानाची पाळी ओढतोस. दुसरीत असल्यापासून."

"मग आत का गेलीस?"

"समुद्र समोर होता ना बाप्पा," ती म्हणाली. "परत पर्स घेऊन बसू?"

मला फार वाईट वाटलं. निदान चूक कुठे झाली ते तरी दाखवावं म्हणून मी लॅपटॉप उघडला, ओळ तेवीस दाखवली, फाटकापाशी गेलेला वेळ दाखवला. ईरा केळ्याचे वेफर्स खात माझ्या खांद्यावरून पाहत होती.

"बाबा. इलेव्हन थर्टी फोर हे कुठलं टाइम आहे?"

"इथलं."

"यू सब्ट्रॅक्टेड साडेअकरा तास. दॅट्स टेक्सस." तिने वेफर मोडला. "इथे साडेनऊ आहे. यू लिटरली चेंज्ड युअर वॉच अॅट द एअरपोर्ट."

मी वजाबाकी केली. मग कागदावर केली. मग मीनलने केली. एक वाजून चौतीस मिनिटं. आई पाण्यात उतरली तेव्हा पौर्णिमा संपायला एक तास चव्वेचाळीस मिनिटं बाकी होती. बाराही डुबक्या आत बसत होत्या.

मग मीनल हसायला लागली, उशीत तोंड घालून.

"म्हणजे," आई सावकाश म्हणाली, "दुसरीनंतर एकदा खोटं बोललास, आणि तेही तुला धड जमलं नाही."

तिने फोन लावला. स्पीकरवर, म्हणजे आम्हीही ऐकावं. शांतामावशीने पहिला प्रश्न तिथीचा विचारला. आईने एक चौतीस सांगितलं, मिनिटासकट, जसं काही गणित तिनेच केलं होतं. दुसरा प्रश्न डुबक्यांचा. "बारा," आई म्हणाली, आणि थोडं थांबली, त्या आकड्याला पोचायला वेळ द्यावा तशी.

मग मावशीचा आवाज आला, जरा बारीक झालेला.

"बारा? आणि पर्स गं? पर्स कोणापाशी होती?"

आईने माझ्याकडे पाहिलं. पर्स अजून माझ्या मांडीवर होती.

"अवीपाशी," ती म्हणाली. "तो होता ना, म्हणून निवांत झालं."